गाठ आहे म्हणून फुगतं

साबुदाण्यात पाणी किती घालायचं हा वाद आमच्या घरात प्रत्येक मोठ्या एकादशीच्या आदल्या रात्री होतो. आई म्हणते दाणा जेमतेम बुडेल एवढंच, काकूचं म्हणणं वर बोटाचं एक पेर तरी पाहिजे, आणि मला वाटतं दोघीही बरोबर आहेत, कारण दोघी वेगवेगळ्या दुकानातला साबुदाणा वापरतात आणि सगळा साबुदाणा काही सारखा भाजलेला नसतो. पण मला कायम पडणारा प्रश्न वेगळाच आहे. सकाळी झाकण काढलं की भांड्यात पाणी नसतं, दाणे टपोरे झालेले, बोटाने दाबला तर दाणा चेपतो पण बोट काही ओलं होत नाही. मग ते पाणी गेलं कुठे? दाण्यात गेलं हे उघड आहे, पण दाण्यात म्हणजे नक्की कुठे, त्याला भोकं तर दिसत नाहीत.

या एका प्रश्नाच्या मागे मी बरीच वर्षं आहे. रसायनशास्त्र शिकले तेव्हा थोडं कळलं, शिकवायला लागले तेव्हा थोडं जास्त, आणि सगळ्यात जास्त कळलं ते कृष्णाकाठच्या मामाच्या शेतात, त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी सोपा प्रकार बघू. वीट घ्या. गवंडी बांधकामाआधी विटा पाण्यात बुडवून ठेवतो, कारण कोरडी वीट सिमेंटच्या मालातलं पाणी ओढून घेते आणि मग माल नीट घट्ट होत नाही. चांगली वीट 24 तास पाण्यात ठेवली तरी तिने आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये असं भारतीय मानकात लिहिलेलं आहे. विटेत खरोखर भोकं असतात, बारीक बारीक, एकमेकांना जोडलेली, आणि पाणी त्यांच्या कडांना चिकटत चिकटत वर चढतं. 1 मिलिमीटर व्यासाची काचेची नळी पाण्यात उभी धरली तर पाणी त्यात साधारण 3 सेंटीमीटर चढतं, नळी दहापट बारीक केली तर दहापट वर, म्हणजे एक फूट. जुन्या घरांच्या भिंतींना पावसाळ्यात कमरेपर्यंत ओल चढते ती अशीच, जमिनीतून, बारीक वाटांनी. हे चढणं सुरुवातीला भराभर होतं आणि मग रेंगाळत जातं, कारण आत गेलेलं पाणीच मागच्या पाण्याची वाट लांब करतं. दुप्पट अंतर गाठायला चौपट वेळ लागतो, हे गणित 1921 मध्ये वॉशबर्नने मांडलं. टिपकागदाच्या पट्टीचं टोक शाईत बुडवून शाळेतल्या पोरांना घड्याळ लावून बसवलं की त्यांना ते स्वतःच सापडतं.

पण विटेची एक गोष्ट लक्षात ठेवायची. वीट कितीही पाणी प्यायली तरी वीट विटेएवढीच राहते. रिकामी जागा आधीपासून होती, ती भरली, एवढंच.

साबुदाण्याचं तसं नाही. त्याच्या आत आधी जागा नसते, पाणी आल्यावर तो जागा करतो.

साबुदाणा आपल्याकडे येतो मुख्यतः तामिळनाडूतल्या सेलमच्या बाजूने, कसाव्याच्या कंदापासून. कंद किसून, धुवून, त्याचं पांढरं दूध निथळत ठेवतात, तळाशी बसलेला ओला स्टार्च हलवून हलवून त्याचे गोल दाणे करतात आणि मग गरम पत्र्यावर थोडे भाजतात किंवा वाफवतात. सगळी गंमत या भाजण्यात आहे. कच्चा स्टार्च, समजा आरारूट, थंड पाण्यात टाकलं तर ते तळाशी जाऊन बसतं, फार तर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी घेतं आणि सुकवलं की परत पहिल्यासारखं. स्टार्चच्या कणात साखरेच्या रेणूंना रेणू जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या अगदी दाबून, शिस्तीत घडी घालून ठेवलेल्या असतात, साठ-सत्तर डिग्रीला ती घडी मोडते. साबुदाणा भाजताना ओल्या दाण्यातल्या काही कणांची घडी मोडून जाते, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि तशाच गुंतलेल्या अवस्थेत वाळतात. म्हणून आपण गार पाणी घातलं तरी त्या मोकळ्या झालेल्या साखळ्या पाणी घेतात, आणि उरलेल्या कणांची घडी नंतर कढईत मोडते, तेव्हा दाणा पारदर्शक दिसायला लागतो. दाणा किती भाजलाय यावर तो किती पाणी मागेल हे ठरतं, म्हणून म्हटलं की आई आणि काकू दोघी बरोबर.

आणि गिचका का होतो? कारण पाणी जास्त झालं की बाहेरच्या बाजूच्या साखळ्या गुंत्यातून सुटून पाण्यात निघून जातात, आणि मग त्या बाहेर आलेल्या साखळ्याच दाण्याला दाणा चिकटवतात.

इथे मला जे म्हणायचंय त्याचा धागा आहे. साबुदाण्याच्या साखळीला खरंतर विरघळायचंच असतं. साखरेच्या दाण्यासारखं पाण्यात पसरून जायचं, हीच तिची ओढ. ती जात नाही कारण ती कुठेतरी गुंतलेली आहे, गाठीत अडकलेली आहे. पाणी आत शिरतं, साखळ्या लांब लांब सरकतात, गाठी ताणल्या जातात, आणि एका ठिकाणी पाण्याची आत यायची ओढ आणि गाठींचा ताण बरोबरीत येतात. तिथे फुगणं थांबतं. म्हणजे फुगलेली प्रत्येक गोष्ट ही विरघळता विरघळता थांबलेली गोष्ट आहे. गाठ नसती तर ते द्रावण झालं असतं आणि गाठी फार झाल्या असत्या तर खडा राहिला असता. फ्लोरी आणि रेनर या दोघांनी 1943 मध्ये हा हिशोब समीकरणात मांडला, त्यातल्या पॉल फ्लोरीला पुढे 1974 चं नोबेल मिळालं, आणि मला आजही ते समीकरण फळ्यावर लिहिताना आनंद होतो कारण त्याच्या एका बाजूला मिसळण्याची ओढ आहे आणि दुसऱ्या बाजूला गाठी, आणि बाकी जवळजवळ काहीच नाही.

गाठी थोड्या ठेवल्या तर काय होतं ते बाळाच्या डायपरमध्ये बघायला मिळतं. आतल्या कापसात साखरेसारखी पांढरी पूड असते, सोडियम पॉलिॲक्रिलेट नावाची. या घराण्यातली पहिली पूड 1960 नंतरच्या काळात अमेरिकेच्या शेतीखात्याच्या पिओरियातल्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चवर दुसरी साखळी जोडून केली होती, जमिनीत पाणी धरून ठेवता येईल अशी त्यामागे आशा होती. शुद्ध पाण्यात ही पूड आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी घेते. कसं, तर हिच्या साखळीवर जागोजागी ऋण विद्युतभार असतात, ते एकमेकांना लांब ढकलतात, शिवाय त्या भारांच्या जोडीला आलेले सोडियमचे कण आतच फिरत राहतात, त्यांना बाहेर जाता येत नाही, आणि मग त्यांना पातळ करायला बाहेरचं पाणी आत येत राहतं. गाठी विरळ असल्यामुळे ते बराच वेळ येत राहतं.

आता त्या फुगलेल्या जेलवर मीठ भुरभुरा. बघता बघता पाणी सुटतं. बाहेरही सोडियम झाला, आत-बाहेर फरक उरला नाही, ओढ संपली. म्हणूनच डायपर शुद्ध पाणी जेवढं घेईल तेवढी लघवी घेत नाही, शेकडो पटींवरून गोष्ट तीस-चाळीस-पन्नास पटींवर येते. आणि मिठाऐवजी कॅल्शियमचा क्षार टाकला तर परिणाम अजून जोरदार होतो. हे कॅल्शियमचं प्रकरण नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा लेख त्याच्यावर आहे. सोडियमच्या कणावर एक भार असतो, त्यामुळे तो एका साखळीजवळ घुटमळतो आणि सहज सुटतो. कॅल्शियमवर दोन, तो एका हाताने एक साखळी आणि दुसऱ्या हाताने दुसरी धरतो. म्हणजे कॅल्शियम ही गाठ आहे.

मध्येच एक सांगायचं राहून जाईल म्हणून सांगते. आपल्या पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या याच तत्त्वावर चालतात. चकतीच्या मधोमध जो मऊ भाग असतो त्यात ऋण भारांनी भरलेल्या साखळ्या असतात, त्या पाणी ओढत राहतात, आणि भोवतीचं कोलॅजनचं मजबूत जाळं त्यांना फुगू देत नाही. दिवसभर उभं राहून, बसून त्या चकत्यांमधलं पाणी थोडं थोडं पिळलं जातं, रात्री आडवं झालं की परत भरतं, त्यामुळे माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो. लहान मुलाच्या चकतीतल्या मऊ भागात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हातारपणी ते सत्तरवर येतं. माझी आजी शेवटच्या वर्षांत फळीवरचा डबा काढायला स्टूल मागायची, आधी तिचा हात तिथे सहज पोचायचा. म्हातारपणी उंची कमी व्हायला हाडांची झीजही कारण असते हे मला माहीत आहे, पण चकत्यांमधलं ते पाणीही त्या डब्याच्या आणि हाताच्या मधे होतं.

आता हरभरे. काबुली चणे, वाल, वाटाणे, काहीही, भिजत घातले की पहिल्यांदा साल सुरकुततं. बघितलंय ना? लोकांना वाटतं दाणा आकसला. उलट आहे, साल आधी भिजून ताणलं जातं आणि आतली डाळ अजून कोरडी, लहानच असते, म्हणून साल सैल पडतं. पाणी आत जातं ते बहुतेक दाण्याच्या डोळ्यापासून, बाकीचं साल बऱ्यापैकी बंद असतं, आणि एखाद्या दाण्याचं पूर्णच बंद असतं. तो रात्रभर पाण्यात राहून सकाळी तसाच टणक. गणंग. उसळीत दाताखाली येणारा. त्याचा राग येतो खरा, पण झाडाच्या बाजूने बघितलं तर सगळं बी पहिल्या पावसाला एकदम उगवून नंतरच्या उघडिपीत एकदम मरू नये यासाठी केलेली ती सोय आहे.

फुगणाऱ्या दाण्याची ताकद किती असते ते स्टीफन हेल्स या इंग्लिश पाद्र्याने 1727 च्या पुस्तकात लिहून ठेवलंय. लोखंडी भांड्यात वाटाणे आणि पाणी भरलं, झाकणावर वजन ठेवलं, आणि वाटाण्यांनी वजनासकट झाकण उचललं. पुढे वजन वाढवलं तेव्हा दाणे भांड्यातल्या सगळ्या फटी भरत एकमेकांवर दाबून चपटे झाले. चण्याची बरणी काठोकाठ भरून वर घट्ट झाकण लावू नये ते यासाठीच.

चणा भिजला तरी शिजेलच असं नाही. आमच्याकडे सोलापूरच्या बाजूला बोअरचं पाणी जड असतं, त्यात डाळ शिजायला वेळ घेते, हे प्रत्येक बाईला माहीत आहे आणि त्यावरचा उपाय पण माहीत आहे, चिमूटभर खायचा सोडा. आता यात काय घडतं बघा. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात, पेक्टिनच्या साखळीवर ऋण भार असतात, आणि जड पाण्यातला कॅल्शियम दोन साखळ्या दोन हातांनी धरून बसतो. शिजताना पेक्टिन विरघळून पेशी सुट्या व्हायच्या असतात, त्या होत नाहीत. सोड्यातला सोडियम कॅल्शियमची जागा घेतो, गाठ सुटते, शिवाय सोड्याने पाणी अल्कली होतं त्याने पेक्टिन तुटायलाही मदत होते, चणा लोण्यासारखा शिजतो. सोडा जास्त झाला तर लगदा, आणि ब जीवनसत्त्वंही जातात, म्हणून चिमूटभरच. आमसूल किंवा चिंच डाळ शिजल्यावरच घालायची हा नियम पण याच घरातला, आंबटात पेक्टिन सुटायला तयार नसतं. आणि ज्याला मऊ होऊ द्यायचं नाही त्याला चुना लावतात. कोहळ्याचा पेठा करताना तुकडे चुन्याच्या निवळीत ठेवतात, चुन्यातला कॅल्शियम आत जाऊन गाठी मारतो, आणि मग तो कोहळा पाकात तासभर उकळला तरी फुटत नाही.

सोडा सोडवतो, चुना बांधतो. स्वयंपाकघरात इतकं सोपं आहे हे.

आता शेतात चला, कारण मला खरं तिथेच जायचं होतं.

आपली काळी जमीन ही माझ्या मते महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी फुगणारी वस्तू आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली, आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीच्या खनिजांची चिकणमाती भरलेली. या खनिजाचे पापुद्रे असतात, एका पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी, प्रत्येकावर ऋण भार, आणि दोन पापुद्र्यांच्या मधे कॅल्शियम नाहीतर सोडियम. अशा एक ग्रॅम मातीचे सगळे पापुद्रे सुटे करून पसरले तर सात-आठशे चौरस मीटर भरतील. चिमूटभर माती आणि तेवढ्यात दोन-तीन टेनिस कोर्टं. पाऊस पडला की पाणी त्या पापुद्र्यांमधे शिरतं, जमीन फुगते, भेगा बुजतात, आणि उन्हाळ्यात परत हात जाईल एवढ्या भेगा. वरची माती भेगांत पडते, पावसात खालची फुगून वर येते, अशी ती जमीन वर्षानुवर्षं स्वतःच स्वतःला ढवळत असते.

या फुगण्यावर घर बांधणं अवघड. पाया हलतो, भिंतीला तिरक्या चिरा जातात, दारं उन्हाळ्यात बंद होतात आणि पावसाळ्यात अडकतात. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टी यांनी यावर जे काम केलं ते मला फार आवडतं. त्यांनी दाखवलं की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मुरमाड मातीचा मीटरभर थर दाबून बसवला तर खालच्या काळीचं फुगणं आटोक्यात राहतं. कालव्यांच्या कामात ही पद्धत वापरली गेली. बाहेरून घातलेली गाठच म्हणायची ती.

पण हीच फुगणारी जमीन मंगळवेढ्याची ज्वारी पिकवते. रब्बीची मालदांडी पेरली जाते सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्यानंतर बहुतेक पाऊस नसतोच, पूर्ण पीक पावसाळ्यात जमिनीने पिऊन ठेवलेल्या पाण्यावर उभं राहतं. फक्त वाफसा यावा लागतो. वाफसा म्हणजे जमीन भिजलेली आहे पण चिकटत नाही, हवा पण खेळतेय, मुठीत दाबली तर ढेकूळ होतं आणि सोडलं की फुटतं. माझे आजोबा ढेकूळ हातात घेऊनच सांगायचे, उद्या नको, परवा पेरा. त्या हातातल्या ज्ञानाबद्दल मला नितांत आदर आहे.

मामाचं शेत कृष्णाकाठी, ऊस. तिथली काळी तशीच, पण पाणी बारमाही. निचरा नसताना वर्षानुवर्षं पाट सोडत राहिलं की खालच्या पाण्याची पातळी वर येते, ते पाणी उन्हाने उडतं आणि क्षार मागे ठेवतं. त्यात विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर अजून वाईट, कारण ते जमिनीतल्या कॅल्शियमला चुनखडी करून खाली बसवतं आणि पापुद्र्यांमधे सोडियम उरतो. चण्यात सोडा घातल्यावर जे होतं तेच, एकरभर रानात. कॅल्शियम असताना पापुद्रे साधारण दुप्पट अंतरापर्यंत सरकून थांबतात. सोडियम आला की थांबायला गाठच नाही. पापुद्रे सुटे होऊन पाण्यात तरंगायला लागतात, आणि मग खाली बसताना मातीतली सगळी बारीक भोकं बुजवून टाकतात.

याला चोपण जमीन म्हणतात. मामाच्या रानाच्या खालच्या अंगाला पावसानंतर गढूळ पाणी आठवडा आठवडा तसंच उभं राहायचं, वरून बघितलं तर वाटावं केवढी ओल आहे, आणि वीतभर खणलं तर खाली कोरडं. वाफसा असा नाहीच, ओली असताना चिखल आणि वाळली की दगड, मधली अवस्था एखाद्या दिवसाची. "रान पाणी पीत नाही," मामा म्हणायचा, आणि मी तेव्हा कॉलेजात जेलचा हिशोब शिकत होते तरी मला हे दोन्ही एकच आहे असं लगेच दिसलं नाही, ते हळूहळू जुळलं. ज्या मातीची एवढी शोषायची ख्याती, तिच्यात गाठी सुटल्या तर ती पाणी घेऊच शकत नाही. साबुदाण्याचा गिचका आणि चोपण रान, दोन्हीकडे विरघळणं जिथे थांबायला हवं होतं तिथे थांबलेलं नाही.

उपाय कळला की रसायनशास्त्र शिकल्याचं सार्थक वाटतं. जिप्सम घालायचं, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. कॅल्शियम पापुद्र्यांमधे परत जाऊन बसतो, सोडियम बाहेर पडतो. पण बाहेर पडलेला सोडियम रानातून निघून गेला पाहिजे, नाहीतर नुसतं जिप्सम टाकून काही होत नाही, आणि मला सगळ्यात कळकळीने हेच सांगायचंय, कारण पोती टाकून गप्प बसणारे खूप जण बघितलेत. आधी निचरा. चर काढा किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाका, सांगली भागात हे काम बऱ्याच ठिकाणी झालंय. मग माती परीक्षण, त्यात नुसता सामू, म्हणजे पीएच, बघून चालत नाही, मातीने धरलेल्या एकूण भारांपैकी सोडियम किती टक्के आहे तो आकडा बघायचा, 15 च्या वर गेला की जमीन चोपण धरतात. जिप्समची मात्रा त्या आकड्यावरून काढायची. मग चांगलं पाणी देऊन क्षार धुवायचे, मग धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरून फुलावर यायच्या आधी गाडायचा. आणि जमिनीत चुनखडी भरपूर असेल, जी आपल्याकडे पुष्कळदा असते, तर जिप्समऐवजी गंधकही चालतं, जिवाणू त्याचं आम्ल करतात, ते आम्ल चुनखडी विरघळवून तिथलाच अडकलेला कॅल्शियम मोकळा करतं. याला वेळ लागतो, एका हंगामात होत नाही.

मामाने पाइप टाकले, मग जिप्सम, मग धैंचा, ऊस काही काळ बंद ठेवला. खालच्या अंगाला आता पावसाचं पाणी दुसऱ्या दिवशी दिसत नाही आणि मे महिन्यात तिथे भेगा पडतात, ज्या आधी नीट पडतच नव्हत्या, नुसती पापडी धरायची. शेजारचे लोक भेगा बघून हळहळले, मामा मात्र खूश होता. यंदा तिथे हरभरा केलाय.